थेंब पानावर का थांबत नाही?

रावेर, यावल, चोपड्याकडचे असाल तर हे दृश्य तुम्ही लहानपणापासून बघितलेलं आहे. केळीच्या बागेत करप्याची फवारणी चाललेली असते. ड्रममध्ये पाणी भरलं जातं, औषध मोजून ओतलं जातं आणि बांधावरून कोणीतरी विचारतं, "स्टिकर टाकलं का?" धुळ्याकडचे असाल तर केळीच्या जागी कपाशी, बाकी सगळं तेच. स्टिकर विसरलं तर काय होतं, हेही तुम्हाला माहीत आहे. केळीच्या पानावर पडलेलं पाणी पसरतच नाही. त्याच्या गोळ्या होतात, पान जरा हललं की त्या घरंगळतात आणि थेट खाली. औषध आणलं पानासाठी, पिते माती.

थेंब पानावर का थांबत नाही? स्टिकर टाकल्यावर नेमकं काय बदलतं? घरी विचारून बघा. "चिकटतं ना मग," असं उत्तर येईल. कॉलेजात विचारून बघा. "सरफेस टेन्शन कमी होतं," असं उत्तर येईल. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्या उत्तरामागे जगभरातल्या प्रयोगशाळा लागलेल्या आहेत. त्या अभ्यासाचं नाव मात्र भारदस्त आहे: मऊ पदार्थांची आणि जैवपदार्थांची गतिमान सीमापृष्ठं. नाव बघून पान उलटू नका. हा विषय तुमच्या शेतातला आहे, तुमच्या छातीतला आहे आणि गंमत म्हणजे त्याचं एक उपकरण तुमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, कपाटात पडून आहे.

पंगत उठली, वाढपी आलाच नाही

आधी नावाचा गुंता सोडवू. लोखंडाचा तुकडा बोटानं दाबला तर काहीच होत नाही. दही, जेली, साबणाचा फेस, रंग, रक्त, आपली त्वचा यांना मात्र थोडासा धक्काही पुरतो. ते वाकतात, वाहतात, काही पुन्हा सावरतात. या सगळ्यांना मिळून 'सॉफ्ट मॅटर' म्हणतात. १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पिएर-गिल द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं आपल्या नोबेल व्याख्यानाला हेच नाव दिलं होतं. आणि सीमापृष्ठ, म्हणजे इंटरफेस, ही दोन पदार्थ जिथे भेटतात ती जागा. पाणी आणि हवा, तेल आणि पाणी, थेंब आणि पान.

पाण्याच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. सगळ्यात वरच्या थरातल्या रेणूला वरच्या बाजूनं पाण्याचा शेजारीच नाही, म्हणून त्याला आतली ओढ जास्त. त्यामुळे पाणी आपला पृष्ठभाग होईल तेवढा लहान ठेवू बघतं आणि थेंब गोल होतो. हाच पृष्ठीय ताण. स्वच्छ पाण्यासाठी २५ अंश सेल्सिअसला तो ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. दुसरीकडे केळीच्या पानावर मेणाचा थर असतो. पानाच्या खालच्या बाजूवर हात फिरवा, बोटाला पांढरी मेणचट भुकटी लागेल. मेणाचं आणि पाण्याचं जमत नाही.

स्टिकरमधल्या रेणूंची गंमत अशी की, त्यांच्या एका टोकाला पाणी आवडतं आणि दुसऱ्याला नको असतं. असे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन दाटीवाटीनं उभे राहतात आणि ताण निम्म्याच्याही खाली आणतात. थेंबाचा ताठा उतरतो, तो पसरतो. अशा पदार्थाला सरफॅक्टंट म्हणतात. इथपर्यंतचं सगळं तुमच्या पुस्तकात आहे.

आता त्या नावातला 'गतिमान' हा शब्द घ्या. नोझलमधून सुटलेला थेंब पानावर आदळतो तेव्हा तो आधी पोळी लाटल्यासारखा पसरतो, मग आकसतो आणि उसळी मारतो. दोन मिलिमीटरच्या थेंबाला हे सगळं उरकायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. फवाऱ्यातले थेंब याहून बरेच बारीक असतात, त्यांचा कारभार आणखी झटपट. थेंब पसरतो तेव्हा एकदम खूपसा नवा पृष्ठभाग तयार होतो आणि त्या कोऱ्या पृष्ठभागावर स्टिकरचे रेणू अजून पोचलेलेच नसतात. ते आतून वर येईपर्यंत थेंब उडून गेलेला असतो. पंगत बसली, उठलीही. वाढपी अजून भांडाराच्या दारातच!

म्हणून स्टिकर ताण किती कमी करतं, एवढंच विचारून भागत नाही. ते किती लवकर कमी करतं, हे विचारावं लागतं. शांत पाण्यात मोजलेला आकडा शेतातल्या थेंबाला लागू पडेलच असं नाही. पृष्ठभाग सतत ताणला, दाबला, मोडला जात असताना त्याचं काय होतं, हे बघणं म्हणजे गतिमान सीमापृष्ठाचा अभ्यास.

घरातल्या मोरीपासून नोबेलपर्यंत

या विज्ञानाची सुरुवात कुठे झाली, हे कळलं तर तुम्हाला बरं वाटेल. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात ॲग्नेस पॉकेल्स नावाची एक मुलगी राहायची. जन्म १८६२ चा. तिला भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण त्या काळी तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते. घरी आजारी आईवडील, त्यांची सेवा आणि स्वयंपाकघर तिच्याकडे. धाकटा भाऊ फ्रिट्झ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्याकडून पुस्तकं मिळायची. भांडी घासताना पाण्यावर तेलाचा, साबणाचा थर पसरला की पाण्याची 'कातडी' बदलते, हे तिच्या लक्षात आलं. आपल्यापैकी प्रत्येकानं ते कधी ना कधी बघितलेलं असतं. ॲग्नेसनं ते मोजायला घेतलं.

तिनं पत्र्याचं एक उथळ, लांबट भांडं घेतलं, साधारण ७० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद. ते काठोकाठ भरून पाण्यावर पत्र्याची आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पृष्ठभाग लहान किंवा मोठा होतो. मग बटणाएवढी चकती पाण्याला टेकवून ती वर उचलायला किती जोर लागतो, ते साध्या तराजूनं मोजलं. असं ती सुमारे दहा वर्षं करत राहिली. जानेवारी १८९१ मध्ये तिनं धीर करून इंग्लंडच्या लॉर्ड रेली यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रेली त्या काळातले अत्यंत मोठे शास्त्रज्ञ. त्यांच्या पत्नीनं पत्राचं भाषांतर केलं, रेलींनी ते 'नेचर'कडे पाठवलं आणि मार्च १८९१ मध्ये ते छापून आलं. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युअर यांनी याच जातीच्या भांड्यावर काम केलं आणि १९३२ साली पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं ॲग्नेसला मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती.

ते भांडं तिथेच थांबलं नाही. १९५७ साली जॉन क्लेमेंट्स या अमेरिकी संशोधकानं तशाच भांड्यातल्या द्रवावर फुप्फुसाचा अर्क पसरवला आणि पट्टी पुढेमागे सरकवली, जसा आपण श्वास घेतो आणि सोडतो. पृष्ठभाग दाबला की ताण एकदम खाली येत होता, पसरला की पुन्हा वाढत होता. आपल्या फुप्फुसात कोट्यवधी सूक्ष्म फुगे आहेत आणि त्यांना आतून पाण्याचा ओला थर आहे. नुसतं पाणी असतं तर त्याच्या ताणानं श्वास सोडताना हे फुगे मिटून चिकटले असते. शरीर तिथे स्वतःचं स्टिकर सोडतं आणि ते श्वासागणिक दाबलं जातं, पसरतं. गतिमान सीमापृष्ठ म्हणजे काय, याचं याहून जवळचं उदाहरण नाही. हे वाचत असताना तुमच्या छातीत तेच चाललंय.

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात हे सरफॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं. मग प्रत्येक श्वास म्हणजे चिकटलेला फुगा नव्यानं फुगवणं. तान्ह्या बाळाला मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घ्यायचे असतात, ते दमून जातं. अशा बाळांच्या फुप्फुसात हाच पदार्थ कमी असतो, हे मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. तरी उपचार नव्हता. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं अपुऱ्या दिवसांचं बाळ याच आजारानं दोन दिवसांच्या आत गेलं. १९८० साली जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून तयार केलेलं सरफॅक्टंट अशा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि ती श्वास घेऊ लागली. आज आपल्याकडे नवजात शिशु अतिदक्षता विभागात डॉक्टर हेच औषध देतात. मुदतीआधी प्रसूती होणार असं दिसलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देतात. हे सरफॅक्टंट महाग असतं आणि थंडाव्यात जपावं लागतं. त्यामुळे सातपुड्याच्या पाड्यावर जन्मलेल्या बाळापर्यंत ते कसं पोचेल, हा प्रश्न विज्ञानाचाही आहे आणि व्यवस्थेचाही. आयआयटी मुंबईत रिंती बॅनर्जी यांच्या गटानं फुप्फुसातल्या या सरफॅक्टंटवर काम केलंय. असा अभ्यास करायचा तर परदेशीच जायला हवं, असं अजिबात नाही.

पान हललं, थेंब गेला, मग कुठे गेला?

आता पुन्हा बागेत येऊ. थेंबाची उसळी रोखायला स्टिकरपलीकडे काय करता येईल? २००० साली युरोपातल्या एका गटानं 'नेचर'मध्ये दाखवलं की, पाण्यात लांब, लवचीक पॉलिमरचा अगदी किंचित अंश मिसळला तरी थेंबाची आकसण्याची घाई कमी होते आणि तो उसळत नाही. २०१६ मध्ये एमआयटीतल्या माहेर डमाक आणि कृपा वाराणसी यांच्या गटानं वेगळी युक्ती काढली. विरुद्ध विद्युतभार असलेले दोन पॉलिमर दोन वेगळ्या फवाऱ्यांतून सोडायचे. पानावर दोन्ही थेंब भेटले की तिथल्या तिथे बारीक साका बसतो आणि पुढचा थेंब त्याला अडकून राहतो. हे सगळं कशासाठी? औषध कमी लागावं आणि जे लागेल ते पानावर राहावं यासाठी.

कारण जो थेंब पानावर राहत नाही, तो कुठेतरी जातोच. मातीत जातो, विहिरीत उतरतो, वाऱ्यावर उडतो, पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या अंगावर बसतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे कारणं अनेक होती. अतिजहाल औषधांची मिश्रणं, उंच वाढलेली कपाशी, उन्हाचा ताव, हातमोजे-मास्क नसणं. एकट्या थेंबावर त्याचं खापर फोडता येणार नाही. पण पानावर जास्त थेंब टिकले तर फवारण्या कमी होतील, कमी विष हाताळावं लागेल, हे समजायला पीएच.डी. लागत नाही.

आणि आपल्याकडे स्टिकरचा डोस ठरतो कसा? बहुतेक वेळा अंदाजानं. कृषी केंद्रवाला सांगेल तो, नाहीतर 'जरा जास्तच टाक' म्हणून. कुणी कपड्यांची पावडर टाकतं. कुणाच्या बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेसच येत नाही, तिथे साबणाचे रेणू कॅल्शियमला धरून खाली बसतात आणि पैसे वाया जातात. उलट स्टिकर फार झालं तर पाणी इतकं पसरतं की पातळ पापुद्रा होऊन पानाच्या टोकावरून गळून जातं. कमी टाकलं तरी मातीत, जास्त टाकलं तरी मातीत. मग आपल्या पाण्याला, आपल्या पानाला नेमकं किती पुरे? हा प्रश्न मॅसॅच्युसेट्समध्ये बसून कोणी सोडवून देणार नाही. रावेरच्या बोअरचं पाणी त्यांच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे.

कपाटातलं उपकरण

आता त्या कपाटातल्या उपकरणाकडे या. बी.एस्सी. केमिस्ट्रीला तुम्ही स्टॅलॅग्मोमीटर हाताळला असेल. मधे फुगा असलेली काचेची नळी, खालून थेंब पडतात, ते मोजायचे. तेवढ्याच द्रवाचे थेंब जास्त पडले म्हणजे थेंब लहान, म्हणजे ताण कमी. सूत्रात आकडे घालायचे, जर्नलमध्ये उत्तर लिहायचं, सही घ्यायची. पुष्कळ ठिकाणी तर थेंब न मोजताच मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उत्तर येतं. खरं सांगा, आलंय की नाही?

त्याच नळीत एकदा स्टिकर मिसळलेलं पाणी घाला. थेंब आधी अगदी सावकाश पडू द्या आणि मोजा. मग भरभर पडू द्या आणि पुन्हा मोजा. साध्या पाण्याच्या तुलनेत या पाण्याचा आकडा वेगानुसार जास्त हलला, तर त्याचा अर्थ काय? भरभर पडणाऱ्या थेंबाच्या पृष्ठभागावर रेणूंना पोचायला वेळ मिळाला नाही! म्हणजे पंगत आणि वाढपी तुम्ही स्वतःच्या हातानं मोजलेत. नंतर हाच प्रयोग डिस्टिल्ड वॉटरऐवजी आपल्या गावच्या बोअरच्या पाण्यात करा. मोबाइलचा स्लो-मोशन सेकंदाला २४० चित्रं टिपत असेल तर केळीच्या पानावर थेंब सोडून त्याचं चित्रण करा. उसळणारा थेंब पानाला टेकलेला दोन-तीन चित्रांतच दिसेल. पान वरच्या बाजूचं आणि खालच्या बाजूचं, कोवळं आणि जून, मृगबागेचं आणि कांदेबागेचं. बघा किती प्रश्न झाले. एकच अट, प्रयोगात कीटकनाशक नको. नुसतं पाणी आणि स्टिकर पुरेसं आहे.

हे आत्ताच का सांगतोय? नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणलाय. कागदावर ही फार चांगली गोष्ट आहे. प्रत्यक्षात काय होतंय, ते तुम्ही आम्हाला सांगायला नको. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, नाव बदललं की झालं, स्पायरल बाइंडिंगसकट. 'फील्ड' नावाच्या गोष्टीसाठी मुलं शेतातून उठून शहरात येतात आणि दुकानातून प्रोजेक्ट विकत घेतात. यापेक्षा मोठा विनोद कोणता?

"आमच्या कॉलेजात उपकरणंच नाहीत," हे उत्तर आम्हाला माहीत आहे आणि ते खोटंही नाही. नेमका ताण मोजणारी यंत्रं, वेगवान कॅमेरे लहान गावच्या कॉलेजात असत नाहीत. पण ॲग्नेसकडे तरी काय होतं? आणि हो, तिची गोष्ट 'इच्छा असेल तर सगळं जमतं' या साच्यात बसवू नका. घरच्या जबाबदाऱ्या वाढत गेल्या तसं तिचं काम मागे पडलं. रेलींनी ते पत्र बाजूला सारलं असतं तर आज तिचं नावही उरलं नसतं. म्हणून हे जसं तुम्हाला, तसंच तुमच्या सरांना आणि मॅडमनाही. मुलं वेडावाकडा प्रश्न घेऊन आली तर 'सिलॅबसमध्ये नाही' म्हणू नका. लॅब दुपारनंतरही उघडी ठेवा. मोठी यंत्रं जिथे आहेत तिथे नमुना तपासून मिळावा म्हणून एक पत्र तरी द्या. आणि विद्यापीठानं आपली यंत्रं बाहेरगावच्या कॉलेजच्या मुलांना मोकळी केली तर धुळ्याच्या, शिरपूरच्या, अमळनेरच्या पोरांचे प्रश्न तिथपर्यंत पोचतील. 'आविष्कार'सारख्या संशोधन स्पर्धेत मग चकचकीत पोस्टरपेक्षा मोजलेल्या थेंबांना मान मिळेल.

आपलं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्याच्या या बाईला लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी जे दिसलं त्यातून त्यांना सुचत गेलं. मुलानं, सोपानदेवांनी, ते लिहून घेतलं नसतं तर आपल्याला काय कळलं असतं? ॲग्नेस जर्मनीत भांड्यातल्या पाण्यावर पट्टी सरकवत होती, त्याच काळात बहिणाबाई इथे लहानाच्या मोठ्या होत होत्या. दोघींनाही शिक्षणाचा दरवाजा बंद होता, दोघींचंही बघणं थांबलं नाही आणि दोघींनाही लिहून घेणारं, पुढे पाठवणारं कोणीतरी भेटलं.

तुम्हाला तर दरवाजा उघडा आहे. त्या नावाच्या विद्यापीठाची पदवी तुम्ही घेणार आहात. तेव्हा येत्या रविवारी घरी गेलात आणि बांधावरून कोणी विचारलं, "स्टिकर टाकलं का?" तर नुसतं 'हो' म्हणून पुढे जाऊ नका. किती टाकलं, कोणत्या पाण्यात टाकलं, त्यातलं पानावर किती राहिलं, हे विचारा. उत्तर कुणालाच देता आलं नाही, तर समजा की तुमचा फील्ड प्रोजेक्ट सापडला. सोमवारी लॅबमध्ये जा, कपाट उघडून द्या म्हणा आणि थेंब मोजायला बसा.